शेअर फोल्डर रिकामा दिसतोय? आधी हे वाचा

आमच्याकडून लिनक्स सर्व्हर बसवून घेतलेल्या सांगली, मिरज आणि कुपवाडच्या ग्राहकांसाठी. सर्व्हरजवळच्या भिंतीवर चिकटवून ठेवावे.

सकाळी दहाच्या सुमाराला येणारे आमचे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "दादा, फोल्डर उघडतोय, पण आत काहीच नाही!" मागून कुणीतरी "कालच्या पावत्या गेल्या काय?" असं विचारत असतं. बहुतेक वेळा गेलेलं काहीच नसतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत घाईघाईने जे केलं जातं, त्याने मात्र खरंच काहीतरी जातं.

तुमच्या फाइली लिनक्स सर्व्हरवर नसतात, नासच्या पेटीत, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत असतात. सर्व्हरवर असतो एक रिकामा फोल्डर. सर्व्हर चालू होताना नासवरचा शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायला दिलेला फोल्डर, आणून त्या जागी बसवतो, त्याला माउंट होणं म्हणतात. पाट मांडलेला असतो, त्यावर भरलेलं ताट येतं. ताट आलं नाही तर नुसता पाट दिसतो, स्वयंपाक सांडलेला नसतो.

पण ताट यायच्या आधीच कुणी पाटावर वाढलं, आणि मागून ताट येऊन त्यावर बसलं, तर? आधी वाढलेलं खाली दबतं. दिसत नाही, पण जागा अडवून बसतं. हे आमच्याच हातून घडलंय. गणपती पेठेतल्या एका दुकानात रात्रीचा बॅकअप नासवर जायचा. एके दिवशी वीज गेली-आली आणि शेअर माउंट झालाच नाही. आम्ही लिहिलेल्या स्क्रिप्टने ते तपासलंच नव्हतं. ती रोज रात्री इमाने-इतबारे सर्व्हरच्या स्वतःच्या छोट्या डिस्कवर बॅकअप टाकत राहिली. डिस्क भरली आणि बिलिंग बंद पडलं. आम्ही आल्याआल्या शेअर माउंट केला, त्यामुळे ते बॅकअप ताटाखाली गेले. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणतेय शंभर टक्के भरली, दिसणाऱ्या फाइली मोजणारी डीयू म्हणतेय निम्मीसुद्धा नाही. दुपारी अनमाउंट केल्यावर, म्हणजे ताट उचलल्यावर, एकेक फाइल वर आली. चूक आमची होती, त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. आता प्रत्येक स्क्रिप्ट आधी 'माउंटपॉइंट' कमांडने ताट आलंय का ते पाहते. खालच्या रिकाम्या फोल्डरलाही आम्ही 'सीएचअ‍ॅटर' देऊन कुलूप घालतो, म्हणजे शेअर नसताना सगळे अधिकार असलेल्या रूट युजरलाही तिथे लिहिता येत नाही.

म्हणून फोल्डर रिकामा दिसला की त्यात नवीन फाइल टाकू नका, जुन्या पेनड्राइव्हवरून काही "परत भरू" नका. आधी 'फाइंडएमएनटी' (findmnt) चालवा. कमांडची नावं फोनवर उच्चारतो तशीच लिहिली आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं. यादीत तुमच्या फोल्डरची ओळ नसेल तर शेअर माउंट झालेला नाही. मग 'सुडो माउंट डॅश ए' (sudo mount -a) एकदा द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

त्या मिटतात कारण दोष बहुधा क्रमाचा असतो. वीज आल्यावर सगळं एकदम चालू होतं. लिनक्स सर्व्हर लगेच उठतो, नासला सगळ्या डिस्क फिरवून तयार व्हायला काही मिनिटं लागतात. सर्व्हर साधारण दीड मिनिट वाट बघतो आणि सोडून देतो. एफएसटॅब या फाइलीत (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) साधी नोंद असेल तर तो पुन्हा आपणहून विचारायला जात नाही. हाताने चालू करायचं असेल तर आधी राउटर आणि स्विच, मग नास, त्याचा दिवा स्थिर झाला की सर्व्हर. नवीन ग्राहकांकडे आम्ही एफएसटॅबमध्ये 'ऑटोमाउंट'चा पर्याय लावतो. त्यात कुणी फोल्डर उघडायला गेलं की त्या वेळी शेअर जोडला जातो, आणि नास बंद असेल तर रिकाम्या फोल्डरऐवजी सरळ एरर येते. एरर आलेली परवडते. रिकामा फोल्डर गप्प बसून फसवतो.

एरर आली तर तिचा आकडा वाचा, मजकुरावर फार विसंबू नका. विंडोज पद्धतीच्या शेअरला, म्हणजे एसएमबीला, १३ आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय, किंवा नासवर त्या युजरला परवानगीच नाही. कुणी नासचा पासवर्ड बदलून सर्व्हरला कळवलेलं नसतं, हे नेहमीचं. पासवर्डात स्वल्पविराम असेल तर कमांडच्या ओळीत तो तिथेच तुटतो, म्हणून आम्ही पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. २ म्हणजे शेअरचं नाव चुकलंय. १११ म्हणजे पेटी चालू आहे पण सेवा बंद आहे. ११०, ११३ किंवा ११५ आला तर सर्व्हरची हाक पोचतच नाही : केबल, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) किंवा फायरवॉल. एसएमबीला पोर्ट ४४५ मोकळं लागतं, एनएफएसच्या, म्हणजे लिनक्स पद्धतीच्या शेअरच्या, चौथ्या आवृत्तीला एकटं २०४९.

आयपीचं म्हणाल तर २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी जणांनी यंत्रं वरच्या मजल्यावर हलवली. पाणी ओसरल्यावर नवीन राउटर आले, नवे राउटर नवे आयपी वाटू लागले, आणि सर्व्हर जुन्या पत्त्यावर नासला हाका मारत बसला. एनएफएसमध्ये उलटंही होतं. नासने ठराविक आयपीलाच आत घ्यायचं ठरवलेलं असतं, सर्व्हरचा आयपी बदलला की 'अ‍ॅक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' येतं. राउटर बदलायच्या आधी आम्हाला एक फोन करा. फुकट सांगू.

आता सगळ्यांत फसवा आकडा, ११२. मजकूर म्हणतो 'होस्ट इज डाउन', आणि समोर नास टुकटुकीत चालू. होस्ट डाउन नसतो, दोघांची भाषा जुळत नसते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षी लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ४.१३ आवृत्तीने ती आवृत्ती आपणहून वापरणं सोडलं, पुढे २०१९ मध्ये लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सांबा ४.११ नेही ती मुळात बंद ठेवली. कुपवाड एमआयडीसीत मात्र विंडोज एक्सपीवर चालणारी मशीन अजून आहेत आणि एक्सपीला तेवढी पहिलीच आवृत्ती येते. पर्यायात 'व्हर्स १.०' लिहिलं की चालतं, इंटरनेटवर हाच उपाय सापडतो. पण मुख्य सर्व्हरवर आम्ही तो लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मशीनसाठी छोटी वेगळी पेटी, वेगळं नेटवर्क. थोडा खर्च आहे, तो करावा.

'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' असं वाचून डिस्क खराब झाली म्हणून घाबरू नका. नव्याने इन्स्टॉल केलेल्या सर्व्हरवर सीआयएफएस (एसएमबीचंच जुनं नाव) किंवा एनएफएसचं मदतनीस पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं, एवढंच. आणि 'स्टेल फाइल हँडल' आलं तर नासवर कुणीतरी तो फोल्डर काढून नव्याने बनवलाय. अनमाउंट करून परत माउंट करा.

एनएफएसवर नास मध्येच बंद पडला तर वेगळंच दृश्य दिसतं. डीएफ दिलं की कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहतो, उत्तर नाही, कंट्रोल-सीलाही दाद नाही. सर्व्हर मेलेला नसतो, तो नासची वाट बघतोय. नास परत चालू झाला की अडकलेलं काम तिथूनच पुढे सरकतं. अशा वेळी प्लग उपटू नका. "वाट न बघता सोडून दे" अशी 'सॉफ्ट' सोय आहे, पण हिशेबाची फाइल अर्धी लिहून झाल्यावर सर्व्हरने सोडून दिलं तर ती अर्धीच राहते. आम्ही 'हार्ड'च ठेवतो.

माउंट झालंय, फाइली दिसतायत, पण सेव्ह होत नाही? एनएफएस नावं बघत नाही, आकडे बघतो. सर्व्हरवर कॅशियरताईंचा युजर आयडी १००१ आणि नासवर १००१ दुसऱ्याच कुणाचा, तर ताई स्वतःच्याच फाइलला परक्या ठरतात. रूट म्हणून लिहिलेल्या फाइलवर मालक 'नोबडी' दिसला तर ती चूक नाही, ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. सगळ्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण मग कुणीही काहीही पुसू शकतं. तो उपाय करू नका.

फोन करताना 'फाइंडएमएनटी'ची यादी आणि 'डीमेसेज' (dmesg) कमांडच्या शेवटच्या दहा-बारा ओळी यांचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा, आणि वीज कधी गेली होती ते सांगा. फोटोत पासवर्डची फाइल उघडी दिसत नाही ना, तेवढं बघा.