प्रायमरी डिबेट: मंचावर कोण उभं राहणार, हे ठरवतं कोण?

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे ए-बी फॉर्म. तो कुणाच्या हातात पडणार हे बंद दाराआड ठरतं आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत इच्छुक ताटकळतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार निवडण्याचं काम मतदारांकडे आहे आणि त्या निवडणुकीचं नाव प्रायमरी. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले ते कुणी तिकीट दिलं म्हणून नव्हे. किमान १५,००० मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, की मतपत्रिकेवर नाव येतं. (ते तिसरे आले, ती गोष्ट वेगळी.) राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतही दार असंच उघडं असतं, त्यामुळे एकेका पक्षात वीस-बावीस जण उभे राहतात. मग त्यांतल्या कुणाला टीव्हीवर बोलू द्यायचं? मतदान सुरू होण्याआधी सहा-सात महिने होणाऱ्या पहिल्या डिबेटचा इतिहास मुख्यतः या प्रश्नाचा इतिहास आहे. तिथे कोण काय बोललं, हे त्या मानाने दुय्यम.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण बोलणारे दोघेच असत. १७ मे १९४८ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्युई आणि हॅरॉल्ड स्टॅसन रेडिओवर समोरासमोर आले. विषय एकच: कम्युनिस्ट पक्षावर कायद्याने बंदी घालावी का? स्टॅसन बंदीच्या बाजूने, ड्युई विरोधात. दोघांना आधी वीस-वीस मिनिटं, मग खंडनाला साडेआठ-साडेआठ. स्टॅसनना गर्दीचं सभागृह हवं होतं. ड्युई मुळात सरकारी वकील, त्यांनी प्रेक्षक नसलेला स्टुडिओच मागून घेतला. टाळ्या नाहीत म्हटल्यावर उरतो तो युक्तिवाद. संसदेसमोर असलेल्या विधेयकामुळे कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरेल, असं स्टॅसन म्हणत होते. ते विधेयक मांडणाऱ्याचंच म्हणणं तसं नाही, हे ड्युईंनी दाखवून दिलं आणि स्टॅसन तिथेच अडकले. चार दिवसांनी ओरेगन ड्युईंनी जिंकलं. एक विषय, दोन माणसं आणि सलग वीस मिनिटं बोलायची मुभा, हा साचा पुढे कुणी फारसा वापरला नाही. हे नुकसानच झालं.

१९५६ मध्ये मायामीत डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टीव्हन्सन आणि कीफॉव्हर टीव्हीवर आले, १९६० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात केनेडी आणि हम्फ्री. हे सगळे सामने मतदानाला आठवडा उरला असताना झालेले. त्या काळी प्रायमरी मोजक्या राज्यांत होत आणि खरा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात नेतेमंडळी ठरवत. १९६८ मध्ये हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले आणि अधिवेशन भरलेल्या शिकागोच्या रस्त्यांवर दंगल उसळली. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने नियम बदलले, अधिवेशनात उमेदवार ठरवणारे बहुतेक प्रतिनिधी मतदारांनीच निवडायचे असं ठरलं, आणि आयोवा नि न्यू हॅम्पशायर या सुरुवातीच्या छोट्या राज्यांना भलतंच वजन आलं.

दुसरी अडचण कायद्याची होती. १९३४ च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ सांगतं की एका उमेदवाराला वेळ दिला तर बाकी सगळ्यांनाही तितकाच द्या. सगळ्यांना म्हणजे अगदी अनोळखी उमेदवारालासुद्धा. त्यामुळे वाहिन्या हात आखडता घेत. १९७५ मध्ये नियामक आयोगाने पळवाट काढली: डिबेट तिसऱ्याच कुणी भरवलं आणि वाहिनीने ते बातमी म्हणून दाखवलं, तर समान वेळेचं बंधन नाही. १९८३ मध्ये वाहिन्यांना स्वतः डिबेट भरवायची परवानगीही मिळाली. आज नावं गाळण्याचा अधिकार वाहिन्यांकडे दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

या दोन तारखांच्या मध्ये न्यू हॅम्पशायरमधलं नॅशुआ येतं. जानेवारी १९८० मध्ये आयोवातल्या रिपब्लिकन डिबेटला रोनाल्ड रेगन गेलेच नाहीत. आघाडीवर असलेल्याने कशाला जायचं, हा हिशेब. आयोवा मात्र जॉर्ज बुश (थोरले) घेऊन गेले. मग नॅशुआच्या स्थानिक वृत्तपत्राने फक्त रेगन आणि बुश यांचं डिबेट ठरवलं. बाकीच्यांतून तक्रार गेली आणि निवडणूक आयोगाने म्हटलं, वृत्तपत्राने दोघांचाच खर्च उचलला तर ती बेकायदा देणगी ठरेल. तेव्हा साधारण ३,५०० डॉलरचा खर्च रेगन यांच्या प्रचारयंत्रणेने उचलला आणि वगळलेल्या उमेदवारांनाही गुपचूप बोलावून घेतलं.

२३ फेब्रुवारीच्या रात्री शाळेच्या जिममध्ये मंचावर दोनच खुर्च्या. मागे डोल, बेकर, अँडरसन आणि क्रेन हे वगळलेले चौघे नुसते उभे. बुश समोर बघत गप्प बसलेले. रेगन खुलासा करायला लागले तसं संपादक जॉन ब्रीन यांनी रेगनचा माइक बंद करायला सांगितलं. रेगननी माइक हातात घेतला आणि चढ्या आवाजात म्हणाले, "या मायक्रोफोनचे पैसे मी भरतोय, मिस्टर ग्रीन!" नाव चुकलं, पण ते कुणाच्या लक्षात राहतंय. चौघे न बोलताच मंचावरून उतरले आणि डिबेट ठरल्याप्रमाणे दोघांचंच झालं. त्यात काय बोलणं झालं हे आज कुणाला सांगता यायचं नाही. तीन दिवसांनी निकाल: रेगन ५० टक्के, बुश २३.

तेव्हापासून प्रचारयंत्रणा डिबेटआधीच्या वाटाघाटींना डिबेटइतकंच महत्त्व देतात. सुरुवातीच्या डिबेटमध्ये माणूस वर चढण्यापेक्षा बुडतो जास्त, हेही त्यांना कळून चुकलं होतं. ऑगस्ट १९८७ मध्ये आयोवाच्या जत्रेतल्या डिबेटचा समारोप जो बायडन यांनी ब्रिटिश नेते नील किनॉक यांच्या भाषणातला मजकूर नाव न घेता वापरून केला. महिन्याभरात ते शर्यतीतून बाहेर. नोव्हेंबर २०११ मध्ये रिपब्लिकन डिबेटमध्ये रिक पेरी यांना आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसरं आठवेना. "ऊप्स" एवढंच तोंडातून निघालं.

त्या हंगामात रिपब्लिकन पक्षाची वीसेक डिबेट झाली आणि पक्षाचे लोक वैतागले. पुढच्या खेपेला पक्षाने मोजकीच डिबेट मंजूर केली. मंजुरीबाहेरच्या डिबेटला जो जाईल, त्याला पुढच्या डिबेटमध्ये बंदी. पण २०१५ मध्ये उमेदवारच निघाले सतरा. ६ ऑगस्टच्या क्लीव्हलंडच्या डिबेटसाठी फॉक्स न्यूजने शेवटच्या पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांची सरासरी काढून पहिले दहा घेतले, उरलेल्या सातांना संध्याकाळी पाचला रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायला लावलं. दहावे जॉन केसिक आणि अकरावे पेरी यांच्यातलं अंतर दोन टक्क्यांहूनही कमी होतं, आणि अशा चाचण्यांत चूकच तीन-चार टक्क्यांची धरतात. म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. शिवाय मतदान आधी आयोवात आणि चाचणी मात्र देशभराची! गावोगाव हिंडणाऱ्यापेक्षा टीव्हीवर सतत दिसणारा पुढे राहणार, हे उघड होतं. रात्रीचं डिबेट २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिलं आणि मधल्या पोडियमवर डोनाल्ड ट्रम्प होते.

डेमोक्रॅटिक पक्षाने २०१९ मध्ये यावर उतारा म्हणून दोन दारं ठेवली: तीन मान्य चाचण्यांत किमान १ टक्का, किंवा ६५,००० देणगीदार, त्यांत वीस राज्यांतून प्रत्येकी किमान २००. कमाल संख्या वीस. चाचण्यांत दोन टक्क्यांच्या वरचे आणि खालचे असे दोन गट करून चिठ्ठ्या टाकल्या, म्हणजे सगळे नामांकित एकाच रात्री येऊ नयेत. २६ आणि २७ जूनला मायामीत रोज दहा. उत्तराला ६० सेकंद, उपप्रश्नाला ३०. तरीही व्हायचं ते झालं. उमेदवारांची नावं वाचून न दाखवता घेतलेली एक चाचणी पक्षाने अमान्य केली आणि माँटानाचे गव्हर्नर स्टीव्ह बुलक बाहेर राहिले. एका डॉलरचा देणगीदार मिळवायला जाहिरातींवर कितीतरी डॉलर जाऊ लागले. पहिल्या रात्री सूत्रसंचालक बदलले तेव्हा आधीच्यांचे माइक चालूच राहिले. त्यांच्या गप्पा प्रश्नावर चढायला लागल्या आणि मध्येच जाहिराती लावाव्या लागल्या. दुसऱ्या रात्री बायडन तेरा मिनिटांच्या आसपास बोलले, अँड्र्यू यांग यांना जेमतेम तीन मिनिटं मिळाली.

हा फरक पक्षपातापेक्षा नियमांतून येतो. नाव घेऊन टीका झाली की त्याला उत्तराची संधी द्यावी लागते. मागे पडलेले सगळे आघाडीच्या उमेदवारावरच तुटून पडतात, आणि दर टीकेमागे त्यालाच जास्तीचा वेळ मिळतो. हात वर करायला लावणारे प्रश्नही असेच फसवे. वेळ वाचतो, पण उत्तरातलं 'पण' उडतं आणि विरोधकांच्या जाहिरातीला आयता फोटो मिळतो. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये सीएनएनने असे प्रश्न नियमातच बंद केले.

२०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाचण्या आणि ४०,००० देणगीदार या दोन्ही अटी एकदम लावल्या. नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊन आकडा भरला आणि ते मिल्वॉकीच्या मंचावर पोचले. ट्रम्प मात्र एकाही डिबेटला आले नाहीत. रेगननी १९८० मध्ये आयोवात जे करून हात पोळून घेतला, तेच इथे पचलं, कारण आघाडी फारच मोठी होती. पक्ष दर खेपेला अट वाढवत गेला आणि मंच आटत गेला: ऑगस्टमध्ये आठ, सप्टेंबरमध्ये सात, नोव्हेंबरमध्ये पाच, डिसेंबरमध्ये चार. १० जानेवारी २०२४ ला आयोवात निकी हेली आणि रॉन डिसँटिस असे दोघेच उरले. त्याच वेळी त्याच शहरात ट्रम्प दुसऱ्या वाहिनीवर एकटेच प्रश्नांना उत्तरं देत होते. आयोवाचा निकाल लागल्यावर हेलींनी सांगितलं, आता ट्रम्प किंवा बायडन समोर असतील तरच येईन. न्यू हॅम्पशायरमधली पुढची दोन्ही डिबेट रद्द झाली. त्यातल्या दुसऱ्याची तारीख होती २१ जानेवारी. त्या दिवशी डिसँटिस शर्यतीतूनच बाहेर पडले.