अंधारात उजळणारी व रंग बदलणारी घरगुती वस्त्रे

चादरी, अभ्रे, पडदे, टेबलक्लॉथ अशा रोजच्या वापरातल्या कापडांवर विशेष रंगद्रव्ये वापरून केलेली ही वस्त्रे असतात. काही द्रव्ये प्रकाश साठवून तो अंधारात सोडतात, तर काही उष्णतेने किंवा उन्हाने रंग पालटतात. ती बहुधा बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला चिकटवणाऱ्या द्रवात, कालवून स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. कृत्रिम धाग्याच्या बाबतीत ती वितळलेल्या पॉलिमरमध्येही मिसळता येतात.

अंधारात उजळण्यासाठी पूर्वी तांबे मिसळलेले झिंक सल्फाइड वापरत. त्याचा उजेड लवकर मंदावतो. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने युरोपियम व डिस्प्रोशियम ही मूलद्रव्ये मिसळलेले स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट तयार केले आणि काही तास टिकणारी चमक शक्य झाली. शोषलेली ऊर्जा स्फटिकातल्या दोषांपाशी अडकून राहते आणि खोलीच्या साध्या उष्णतेने हळूहळू सुटते. हे द्रव्य किरणोत्सारी नाही. रिक्षा-ट्रकवरच्या ‘रेडियम’ पट्ट्यांशीही त्याचा संबंध नाही. त्या पडलेला प्रकाश फक्त परतवतात. या द्रव्याचा हिरवा प्रकाश सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची संवेदनक्षमता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असल्याने हिरवी-निळसर नक्षी दीर्घकाळ दिसत राहते. लाल फार लवकर विरते.

या कामात वस्त्र ज्या खोलीत वापरायचे तिचा विचार नक्षीइतकाच महत्त्वाचा असतो. पडद्याच्या खिडकीकडच्या बाजूवर छापलेली नक्षी दिवसभर छान भारली जाते, पण रात्री बाहेरच्यांनाच दिसते. आतल्या बाजूवर छापली, तर ती दिव्यावर अवलंबून राहते. भारण्यासाठी अतिनील ते निळा प्रकाश लागतो, म्हणून पांढरी ट्यूबलाइट पिवळसर बल्बपेक्षा सरस ठरते. पांघरुणाखाली झाकलेल्या चादरीला प्रकाश मिळतच नाही. तिथे नक्षी पायथ्याच्या उघड्या पट्टीवर किंवा पांघरुणाच्या वरच्या बाजूलाच हवी. द्रव्याचे कण जाड असतील तर चमक वाढते, मात्र कापड खरखरीत लागते, म्हणून अभ्र्यावर गालाखाली ते नको, काठावर शोभते. खाली पांढरा थर दिला की उजेड वाढतो. गडद रंगात मिसळले तर तो रंगच उजेड गिळतो. पाण्याने हे द्रव्य विघटित होते, त्यामुळे संरक्षक लेप दिलेलेच कण वापरावेत.

उष्णतेने बदलणाऱ्या रंगात तीन घटक असतात: क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोनसारखे रंगजनक, एक सौम्य आम्ल आणि मेणासारखा द्रावक. द्रावक घट्ट असताना रंग दिसतो, वितळला की नाहीसा होतो. हे मिश्रण काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) सूक्ष्म कोशांत बंद केलेले असते. कायमच्या पिवळ्या रंगात असा निळा मिसळला, तर हिरवे कापड तापल्यावर पिवळे दिसते. टेबलक्लॉथवर चहाचा गरम कप उचलला की पिवळे वर्तुळ उमटते आणि थोड्या वेळाने पुसट होत जाते. मला हा या तंत्राचा सर्वांत सुंदर घरगुती उपयोग वाटतो. १९९१ मध्ये अमेरिकेत जेनेरा कंपनीचे ‘हायपरकलर’ टी-शर्ट गाजले. गरम पाण्याच्या धुलाईने त्यांचा गुण कायमचा बिघडत असे.

बाजारात ३१ अंशांना रंग जाणारे द्रव्य सहज मिळते, कारण हाताच्या स्पर्शाने ते बदलते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र खोलीच त्याहून तापलेली असते आणि नक्षी महिनोन्‌महिने गायब राहील. आपल्याकडे टेबलावरच्या कापडासाठी जास्त तापमानाचे द्रव्य निवडणेच शहाणपणाचे.

उन्हात रंग धरणारी द्रव्ये अतिनील किरणांवर चालतात. खिडकीच्या पडद्याला ती साजतात, पण सततच्या उन्हाने काही काळात थकतात. उष्णतासंवेदी रंगही कडक उन्हात विटतात, म्हणून सावलीत वाळवणे, थंड पाण्यात उलटे करून धुणे, ब्लीच टाळणे आणि छापलेल्या भागावर इस्त्री न फिरवणे आवश्यक आहे. काही उष्णतासंवेदी मिश्रणांत सौम्य आम्ल म्हणून बिस्फेनॉल-ए हे शरीराला अपायकारक मानले जाणारे रसायन असते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर, जे ते तोंडात घालते, ती अजिबात वापरू नयेत.