आयरिश संतचरित्रांचे संकलन (सतरावे शतक)

आयर्लंडच्या मध्ययुगीन संतांची लॅटिन व आयरिश चरित्रे शोधून, नकलून व छापून टिकवण्याचा सतराव्या शतकातील विद्याप्रकल्प. त्याचे मुख्य केंद्र स्पॅनिश नेदरलँड्समधील लूव्हेन येथील सेंट अँथनी महाविद्यालय (स्थापना १६०७) हे होते. मठ बरखास्त झाल्याने आयर्लंडमधील पोथ्या विखुरल्या होत्या. आयरिश फ्रान्सिस्कन हे काम परदेशातून करत होते, ते या कारणाने.

हा प्रकल्प हाती घेण्याचे दुसरे कारण नावाच्या वादाचे. प्राचीन लॅटिनमध्ये ‘स्कोशिया’ म्हणजे प्राधान्याने आयर्लंड आणि ‘स्कोटी’ म्हणजे आयरिश लोक. साधारणतः अकराव्या शतकापासून हे नाव आजच्या स्कॉटलंडकडे सरकत गेले. या संदिग्धतेचा आधार घेऊन टॉमस डेम्पस्टर या स्कॉटिश पंडिताने अनेक आयरिश संत स्कॉटलंडचे ठरवले. त्याला ऑसरीचा बिशप डेव्हिड रोथ याने १६२१ मध्ये उत्तर दिले. टॉमस मेसिंगहॅमचा चरित्रसंग्रह १६२४ मध्ये पॅरिसला निघाला. प्रकल्पाचा पुढचा संपादक जॉन कोलगन याच्या १६४५ च्या ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकातही ‘प्राचीन व थोरली स्कोशिया म्हणजेच हायबर्निया’ (आयर्लंडचे लॅटिन नाव) असे मुद्दाम घातलेले दिसते. जुन्या लेखनाच्या पुराव्यावर आयरिश बाजूच सरस ठरते.

ह्यू वॉर्ड व पॅट्रिक फ्लेमिंग या आयरिश फ्रान्सिस्कनांनी १६२३ च्या सुमारास मेसिंगहॅमच्या सहकार्याने कामाची आखणी केली. फ्लेमिंगने युरोपातील मठांत फिरून, विशेषतः इटलीतील बॉबिओ येथे, आयरिश संत कोलंबानससंबंधीचे साहित्य उतरवून घेतले. तीस वर्षांच्या युद्धात १६३१ मध्ये प्रागहून निघाल्यावर वाटेत त्याची हत्या झाली. त्याचा संग्रह १६६७ मध्ये छापला गेला. येशूसंघीय स्टीफन व्हाइट यानेही जर्मन मठांतील पोथ्या धुंडाळून सामग्री पुरवली. पंथभेद असूनही आर्माचा प्रॉटेस्टंट आर्चबिशप जेम्स अशर याची या पंडितांशी विद्येची देवघेव होती.

आयर्लंडमधील शोधासाठी १६२६ मध्ये मिहाल ओ क्लेरी याला पाठवण्यात आले. पिढीजात इतिहासकारांच्या घराण्यातला हा फ्रान्सिस्कन बंधू १६३७ पर्यंत तेथे राबला. त्याच्या नकलांतील पुष्पिका (नकलेच्या शेवटी नकलकाराने केलेल्या नोंदी) मुळातून वाचाव्यात अशा आहेत. कोणत्या पोथीवरून, कोठे व कधी उतरवले, हे तो नोंदवतो. एके ठिकाणी तो म्हणतो की, यातले बरेचसे लेखन कंटाळवाणे आहे हे आपल्याला कळते. पण दोष, शोधनाची वेळ येईपर्यंत जुन्या चर्मपोथ्यांच्याच वाटेने जा असे सांगणाऱ्यांचा आहे. न रुचलेला मजकूरही त्याने बरहुकूम उतरवला. त्याच्या मूळ पोथ्यांपैकी काही आज नाहीत आणि तेथे त्याची नक्कल हाच आधार उरतो. या प्रकल्पाची खरी पुंजी छापील खंडांपेक्षा या नकलांत आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

वॉर्ड १६३५ मध्ये वारल्यावर जॉन कोलगनने संपादन हाती घेतले. जानेवारी ते मार्चमधील सणदिवसांच्या संतांचा खंड १६४५ मध्ये, तर पॅट्रिक, ब्रिजिड व कोलंबा यांचा खंड १६४७ मध्ये निघाला. पॅट्रिकच्या चरित्रांना त्याने दिलेले एक ते सात क्रमांक अभ्यासक अजून वापरतात. ब्रिजिडच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते : कोलगनचे ‘तिसरे चरित्र’ ते बोलँडिस्टांचे (संतचरित्रे संपादणाऱ्या येशूसंघीय मंडळाचे) ‘पहिले’. उरलेल्या महिन्यांचे खंड छापले गेले नाहीत. कोलगन १६५८ मध्ये वारला.

लॅटिन चरित्रांचे तीन मोठे हस्तलिखित संग्रह ज्ञात आहेत. त्यांतील सालामांका संग्रह (सध्या ब्रुसेल्स) हाइस्टने १९६५ मध्ये संपादित केला. चार्ल्स प्लमरच्या आवृत्त्या १९१० (लॅटिन चरित्रे) व १९२२ (आयरिश चरित्रे) च्या. सालामांका संग्रहातील ‘ओ’डोनोह्यू गट’ या नावाने ओळखला जाणारा चरित्रांचा गट रिचर्ड शार्प (१९९१) विशेषनामांच्या जुन्या वर्णलेखनावरून आठव्या शतकाच्या आसपास नेतो. पॉरिक ओ रिअन अनेक चरित्रे बाराव्या शतकानंतरची मानतो. वर्णलेखनाचा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही; तथापि जुनी रूपे उत्तरकालीन लेखकालाही जुन्या पोथीतून मिळू शकतात. म्हणून संपूर्ण गटाला एकच काळ लावण्यापेक्षा प्रत्येक चरित्र स्वतंत्रपणे तपासणे श्रेयस्कर.