टर्फवरचा काळा दाणा : मर्यादा १ ची की १००० ची?

जुळे सोलापूर, विजापूर रोड भागात गेल्या काही वर्षांत बॉक्स क्रिकेटचे टर्फ उभे राहिले. रात्री खेळून आलेल्या पोराचे मोजे झटकले की फरशीवर मोहरीहून बारीक काळे दाणे पडतात. कृत्रिम गवतात पसरलेले हे दाणे जुन्या टायरचे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. वाद आहे तो त्यात काय आहे याचा.

जुना टायर आपल्याकडे सहसा टाकून दिला जात नसे. आधी रिमोल्ड, मग चपला, बादल्या, घमेली. त्यातल्या विषाची चर्चा सुरू झाली ती युरोपात, आणि तीही तेलावरून. रबर मऊ राहावे म्हणून टायरमध्ये तेल घालतात. त्या तेलात पीएएच नावाची संयुगे असतात आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. २०१० पासून युरोपने नव्या टायरमध्ये असे तेल बंद केले. पण मैदानात पडतो तो जुन्या टायरचा चुरा, त्यामुळे बंदीआधीचा माल पुढेही बरीच वर्षे येत राहिला.

खरी गुंतागुंत पुढे झाली. २०१५ च्या अखेरीपासून तिथे अंगाला लागणाऱ्या रबरी वस्तूंना मर्यादा आली : आठ पीएएचपैकी कोणतेही किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर नको, खेळण्यांत ०.५ च्या वर नको. व्यायामाची चटई यात आली. सुटा दाणा मात्र कायद्याने ‘वस्तू’ न धरता ‘मिश्रण’ धरला गेला, आणि मिश्रणाला दोन पीएएचसाठी १००, उरलेल्या सहांसाठी १००० मिलिग्रॅमपर्यंत सूट होती. म्हणजे एकाच टायरचा चुरा चिकटवून चटई केली तर मर्यादा १ ची, तसाच मैदानात ओतला तर शंभर ते हजाराची. आणि पोरे लोळतात, गुडघे खरचटून घेतात ती दाण्यावरच!

डिसेंबर २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या सरकारी संशोधकांनी मैदाने तपासून धोका नगण्य ठरवला. दोनच महिन्यांनी युरोपच्या रसायन यंत्रणेनेही तसेच म्हटले. उत्पादक आजही हेच दोन अहवाल पुढे करतात. पण प्रत्यक्ष माल कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी खाली होता म्हणून तो निष्कर्ष निघाला, आणि मर्यादा खाली आणा अशी शिफारस डच अहवालातच होती, हे सहसा सांगितले जात नाही. ऑगस्ट २०२२ पासून दाण्यासाठी आठही पीएएचच्या बेरजेची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमवर आली. चटईच्या नियमापेक्षा ती अजूनही सैलच.

अमेरिकेतल्या सरकारी अभ्यासाचे भाग २०१९ आणि २०२४ मध्ये आले. रसायने दाण्यात आहेत, पण शरीरात जाण्याइतकी बाहेर पडतात ती थोडीच, असा त्यांचा सूर. सोलापूरकरांनी त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी : २५ अंशांना हवेत फारसे काही न सोडणारा दाणा ६० अंशांना जास्त सोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कृत्रिम गवत त्याहून बरेच तापते. उन्हाळ्यात दुपारी टर्फ ओस असतात, तेवढे बरे.

माणसापेक्षा पर्यावरणाची बाजू लवकर स्पष्ट झाली. टायर लवकर तडकू नये म्हणून घातलेल्या सिक्स-पीपीडी या रसायनापासून तयार होणारे संयुग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो सामन मासे मारते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. २०२३ मध्ये युरोपने मैदानात पसरायच्या सुट्या दाण्याच्या विक्रीवर बंदी ठरवली, अंमल २०३१ पासून. कारण कर्करोग नव्हे, मैदानाबाहेर वाहून जाणारे सूक्ष्म प्लास्टिक.

भारतात जुलै २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्यांचा भर टायर किती टन पुनर्वापरात गेले यावर आहे. टर्फच्या कोटेशनमध्ये दाण्याचा आकार आणि चौरस मीटरला किती किलो, एवढे सहसा असते. पीएएचचा अहवाल हवा असेल तर मागून घ्यावा लागतो.