किलोमीटरचा दगड आणि अंतराची पाटी: दोघांचे आकडे का जुळत नाहीत

आडरस्त्याला लागल्यावर हे हमखास होतं. पाटी म्हणते, अमुक गाव १४ किलोमीटर. जवळजवळ किलोमीटरभर पुढे दुसरी पाटी येते आणि तीही १४ च म्हणते. मग कडेचा एखादा दगड भलतंच काहीतरी सांगतो आणि गाडीतलं कोणीतरी ‘सरकारी काम’ म्हणून मोकळं होतं. हसायला हरकत नाही, पण बऱ्याचदा तिन्ही आकडे आपापल्या हिशेबाने बरोबर असतात.

दगड आणि पाटी, दोन्हींवर नाव आणि आकडा असतो, म्हणून आपण दोन्ही सारख्याच नजरेने वाचतो. पण दगड रस्त्याच्या मोजदादीसाठी असतो आणि पाटी वाटसरूसाठी.

आधी दगड. प्रत्येक रस्त्याला कागदोपत्री एक शून्य असतं. तिथून मोजत गेलं की रस्त्यावरच्या प्रत्येक जागेला पत्ता मिळतो. बांधकाम खात्यात याला साखळी क्रमांक म्हणतात. ‘किमी २३/४००’ म्हणजे तेवीसचा दगड ओलांडून आणखी ४०० मीटर. कुठला पूल खचला, कुठे डांबर टाकायचं, हे सगळं याच हिशेबात लिहिलं जातं. भारतात दोन मोठ्या दगडांमध्ये दर २०० मीटरवर २, ४, ६, ८ असे बुटके दगडही असतात. गवतात लपलेले असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाहीत, एवढंच. दगडाच्या डोक्याचा रंगही सांगतो की रस्ता कोणाचा: पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, केशरी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा.

दगडाची जागा कोणी सोयीने ठरवत नाही, आकडाच ती ठरवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० वर ४२० व्या मैलाची खूण वारंवार चोरीला जायची, कारण तो आकडा गांजा ओढणाऱ्यांचा लाडका. शेवटी खात्याने तिथे ‘४१९.९९’ अशी खूण लावली. आकडा जरासा कमी केला, पण खूण टाळता आली नाही. मोजदादीत जागा रिकामी ठेवून चालत नाही.

आता गंमत अशी की शून्य स्वतः कुठे असावं, यावर एकमत कधीच नव्हतं. रोमच्या चौकात ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला खांब उभारला, पॅरिसचं शून्य नोत्र दाम चर्चसमोरच्या फरशीत आहे. लंडनला मात्र एका शून्यावर भागलं नाही, वेगवेगळे रस्ते वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजले जात. उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे मैल हिक्स हॉल नावाच्या न्यायालयाच्या इमारतीपासून धरलेले होते. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पाडली गेली, तरी दगड ‘जिथे पूर्वी हिक्स हॉल होता’ तिथपासूनचंच अंतर सांगत राहिले. मला यात अतिशय शहाणपणाची गोष्ट वाटते: शून्य हलवलं असतं तर पुढचे सगळे दगड उपटावे लागले असते.

आपल्याकडे उलट झालं. २०१० च्या फेररचनेत राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. मुंबईच्या बाजूने सुरू होऊन चेन्नईला जाणारा जुना क्रमांक ४ हा दिल्ली–चेन्नई अशा ४८ क्रमांकात सामावला गेला. म्हणजे नुसतं नाव नाही, कागदावरचं शून्यच दुसऱ्या शहरात गेलं. राज्य महामार्गाला राष्ट्रीय दर्जा मिळतो तेव्हाही हेच होतं. जुने दगड सगळे लगेच निघत नाहीत, त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन पिढ्यांचे दगड शेजारीशेजारी दिसू शकतात.

आणि रस्ता सरळ केला तर? समजा एकेचाळीस आणि बेचाळीसच्या दगडांमधलं मोठं वळण काढलं आणि ७०० मीटर वाचले. काटेकोरपणे वागायचं तर बेचाळीसपासून शेवटपर्यंतचा प्रत्येक दगड सरकवायला हवा. एवढा उपद्व्याप कोण करणार? अभियंते नोंदवहीत लिहितात की हा किलोमीटर तोकडा आहे, आणि पुढची मोजणी जशीच्या तशी ठेवतात. तुमच्या गाडीत त्या दोन दगडांमध्ये ३०० मीटरच उमटतील. रस्ता लांबून वळवला असेल तर तोच किलोमीटर हजार मीटरहून मोठा.

पाटीचा स्वभाव वेगळा. तिची जागा ठरते ती दिसण्याच्या सोयीने: फाट्याच्या अलीकडे, झाड आड येणार नाही अशी. मग तिथून अंतर मोजायचं आणि ते पूर्णांकात बसवायचं. सुरुवातीच्या दोन पाट्यांचं कोडं इथे सुटतं. पहिली गावापासून १४.४ किलोमीटरवर आहे, तिच्यावर १४. दुसरी ९०० मीटर पुढे, १३.५ वर, तिच्यावरही १४. खोटं कोणीच बोललेलं नाही.

त्यातही ‘गावापासून’ म्हणजे नेमकं कुठून? पाटीचा आकडा साधारणपणे गावाच्या मध्यवर्ती जागेचा असतो, वेशीचा नव्हे. म्हणून मोठं गाव ‘४ किलोमीटर’ असताना त्याची घरं सुरू झालेली असतात. विखुरलेल्या वस्त्यांच्या गावात तर मध्य कुठला, हा वादाचाच विषय. वेशीवरची गावाच्या नावाची पाटी हा आणखी तिसरा प्रकार. तिला अंतराशी देणंघेणं नसतं. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये तिचं काम कायदेशीर आहे, ती ओलांडली की अन्यथा लिहिलेलं नसेल तर ताशी ५० ची मर्यादा लागू. जर्मनांनी मात्र तिच्या पाठीचाही उपयोग केलाय: गाव सोडताना पाटीच्या मागच्या बाजूला पुढच्या गावाचं नाव आणि अंतर असतं.

बाणाच्या पाटीने सगळ्यात जास्त फसायला होतं. मोठ्या रस्त्यावर फाट्याच्या आधी, बाण काढून ‘३ किमी’ लिहिलेलं असतं. तीन किलोमीटरवर वळायचं, की वळल्यावर तीन किलोमीटर? नावाला चिकटून असलेला आकडा बहुधा गावापर्यंतचा असतो. वळण किती दूर आहे ते सांगायचं असेल तर ते मीटरमध्ये, वेगळं लिहिलं जातं. बहुधा म्हणतोय, कारण खाजगी पाट्या हा नियम पाळत नाहीत. मंगल कार्यालयं आणि धाब्यांचं ‘फक्त ५ मिनिटे’ हे अंतर नव्हे, आशावाद आहे.

पाटी एक वाटही गृहीत धरते. गावाला दोन रस्ते असतील, बाह्यवळण झालं असेल, तर कुठल्या वाटेचे किलोमीटर धरले हे पाटीवर लिहिलेलं नसतं. बाह्यवळणापूर्वी लावलेली पाटी जुन्या, गावातून जाणाऱ्या वाटेचं अंतर सांगत उभी राहते आणि नवीन पाटी नव्या वाटेचं. अंतर वाढलं असं वाटतं ते इथेच. आयर्लंडच्या सीमेवर याहून सोपा घोटाळा होतो: प्रजासत्ताकात किलोमीटर, उत्तर आयर्लंडमध्ये मैल. आकडा एकदम घसरतो, गाव आहे तिथेच असतं.

भारतीय दगडाने गोंधळात स्वतःची भर घातली आहे, हेही खरं. तो दोन्ही कामं करतो. येणाऱ्या वाहनाकडे तोंड केलेल्या बाजूवर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर, म्हणजे पाटीचं काम. आणि अनेक दगडांवर रस्त्याकडच्या बाजूला शून्यापासूनचा निव्वळ आकडा, म्हणजे खरं दगडाचं काम. आपण पहिला वाचतो, दुसरा चालत्या गाडीतून दिसतही नाही.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला की हा फरक कामाला येतो. फोनवर ‘अमुक गाव ९ किलोमीटर’ एवढंच सांगितलं तर त्या गावाला चार बाजूंनी रस्ते असतात आणि चारही रस्त्यांवर ९ ची जागा आहे. रस्त्याचा क्रमांक, दगडावरचा शून्यापासूनचा आकडा आणि तुम्ही कुठल्या दिशेने निघाला होता, एवढं सांगितलं की जागा एकच उरते. मोठा दगड जवळ नसेल तर गवत बाजूला करून बुटका शोधावा. मोठ्या दगडाच्या आकड्यासोबत त्याचाही आकडा सांगितला की जागा २०० मीटरच्या आत येते.