मद्यासक्ती आणि कुटुंब

मद्यासक्ती म्हणजे दारू पिण्यावरचा ताबा सुटणे. किती प्यायची हे पिणाऱ्याच्या हाती राहत नाही, दारूवाचून शरीर चालेनासे होते आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही पिणे थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात हा आजार गणला आहे. बोलीत मात्र पिणारा आजारी नसतो. ‘बेवडा’, ‘दारुडा’ किंवा ‘तळीराम’ असतो. यातला तळीराम हे राम गणेश गडकरी यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकातले पात्र. आज नाटक न पाहिलेलेही हे नाव सर्रास वापरतात. शब्दांतली ही थट्टा घरच्यांना लागते, म्हणून गोष्ट घरात दाबून ठेवली जाते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक जणांचे पिणे अपायाच्या किंवा आसक्तीच्या पातळीला गेलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १३.९ टक्के आणि स्त्रियांत ०.४ टक्के आढळले; गोव्यात अनुक्रमे ३६.९ आणि ५.५ टक्के. स्त्रियांचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवावे : घरातल्या बाईचे पिणे पाहणीवाल्याला सांगण्यापेक्षा झाकण्याकडेच कल असतो.

शरीरावरील परिणाम : ३० मिलि. व्हिस्की किंवा रममध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. यकृत ते साधारण तासाला एवढ्याच, किंवा थोड्या कमी, वेगाने जाळते. म्हणजे रात्री दहाला रिचवलेली १८० मिलि.ची ‘क्वार्टर’ पहाटे चारलाही रक्तात असू शकते. ‘झोपून उठलो, आता उतरली’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. यकृतावर आधी चरबी साचते, मग सूज येते, शेवटी ते निबर होते. पहिला टप्पा पिणे थांबवल्यास भरून येतो, शेवटचा येत नाही. जठर, स्वादुपिंड आणि हृदय यांनाही झळ पोचते. मद्य हे कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. गर्भवतीने घ्यावे असे त्याचे कोणतेही सुरक्षित प्रमाण नाही. जेवण सुटलेल्या व्यसनी माणसात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन स्मृती कायमची जाऊ शकते. तो नुकतेच घडलेले विसरतो आणि रिकामी जागा रचलेल्या गोष्टींनी भरतो. घरच्यांना वाटते, खोटे बोलतोय.

घराने सर्वांत जास्त सावध राहावे ते दारू एकाएकी तोडताना. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली, की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आल्याचे भासते. काही घरांत याला बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठला जातो. प्रत्यक्षात हा जीवघेणा प्रसंग असून त्याला रुग्णालयच लागते. खोलीत कोंडून ‘सोडवणे’ त्यामुळे धोक्याचे आहे. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींबद्दलही हेच. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्याने वर दारू घेतली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीत ते उपयोगी पडते. चहातून गुपचूप दिले तर घातक ठरू शकते.

घरातील परिणाम : पैसा आधी जातो असे समजतात. खरे तर त्याच्याही आधी घरातले बोलणे जाते. संध्याकाळी सहानंतर सगळ्यांचे कान दाराकडे लागतात. चप्पल कशी वाजली, कडी कशी लावली, यावरून आजची रात्र कशी जाणार ते लहान मूलही ओळखते. मग आवाज बारीक करायचा, ताट वाढून ठेवायचे, समोर यायचे नाही. सकाळी मात्र काही झालेच नाही असे वागायचे. कामावर ‘ताप आलाय’ असा निरोप बायको देते, गुत्त्यावरची उधारी आई फेडते, पडलेल्याला उचलून आणायला मुलगा जातो. हे सारे मायेपोटी होते. पण त्यामुळे पिण्याची किंमत पिणाऱ्याला कधीच पुरती मोजावी लागत नाही आणि व्यसन लांबते. व्यसनमुक्तीचे काम करणारे याकडे फार बारकाईने पाहतात. तरीही यासाठी बायकोला दोषी धरणे अन्यायाचे आहे. नोकरी गेली तर चूल तिचीच विझणार असते.

पैशाची गळती पगाराच्या किंवा बाजाराच्या दिवसापासून सुरू होते. किराणा, फी, घरभाडे, मग मंगळसूत्र गहाण, आणि त्यानंतर बचत गटातून मुलीच्या फीसाठी काढलेले कर्जही त्याच वाटेने. यात संशयाची भर पडते. दीर्घकाळ पिणाऱ्या काही पुरुषांत पत्नीच्या चारित्र्याविषयीचा संशय भ्रमाच्या थराला जातो, हे मानसोपचारात परिचित आहे. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत, नवरा वारंवार नशेत असतो अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी त्याच्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. नवरा पीत नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण २३ टक्के होते. दुसरा आकडाही शून्य नाही. दारू मार वाढवते, पण दारू गेली की हात आवरेलच असे नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मारहाणीबरोबर आर्थिक छळालाही हिंसा मानतो, हे अनेकींना ठाऊक नसते.

मुलांपैकी थोरली मुलगी बहुधा अकाली आई होते, एखादे मूल शाळेत भलतेच हुशार निघते आणि एखादे कशातच नसते. मित्रांना घरी कुणीच बोलावत नाही. आसक्तीच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो. तरी ‘बापाचेच रक्त’ हे वाक्य चुकीचे, कारण व्यसनी पालकांची बहुसंख्य मुले व्यसनी होत नाहीत.

विषारी दारूने तर घर एका रात्रीत मोडते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, म्हणजे दृष्टिचेतेवर, घाला घालते. त्यामुळे वाचलेल्यांची नजर जाऊ शकते.

बंदी आणि उपचार : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. कागदोपत्री पिण्यासाठी परवाना लागतो आणि बंदी राबवणारे खातेच दारूचा महसूल गोळा करते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातले दुकान बंद करण्यासाठी महिला मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवरच्या चिन्हांमुळे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे शब्द घरोघरी झाले.

दारू सोडण्याची जुनी मराठी वाट म्हणजे माळ घालणे. वारकरी झालेला माणूस मद्य-मांस वर्ज्य करतो, आणि विशेष म्हणजे त्याला गप्पा-भजनाची नवी संगत मिळते. जुनी मंडळी सुटणे हेच तर अवघड असते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाइतकेच कुटुंबालाही उपचारात धरले. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रातही भरतात; नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळी आहे. पिणारा अजून पीत असला तरी तिथे घरच्यांना जाता येते.

पुन्हा पिणे, म्हणजे ‘स्लिप’, या आजारात वारंवार घडते. दारू सुटल्यावरही घर लगेच सावरत नाही. जो इतकी वर्षे घरात असून नव्हता, तो आता मुलांच्या अभ्यासात आणि खर्चाच्या हिशेबात लक्ष घालू लागतो, आणि सारे एकटीने पेललेल्या बायकोला ते खुपते. तो उशिरा आला की सगळे त्याच्या तोंडाचा वास घेतात. त्याला तो अपमान वाटतो, त्यांना ती सवय असते. एटीएम कार्ड त्याच्या हाती परत कधी द्यायचे, यावर समुपदेशकासमोर दोघांची महिनोन्‌महिने घासाघीस चालते.