कोंबडीच्या उघड्या पाठीवर झूल

कोंबडीची पिसं गेलेली दिसली की औषधाची बाटली शोधण्याआधी टक्कल नेमकं कुठे पडलंय ते पाहावं. निम्मं निदान तिथेच होतं. पाठीचा मधला भाग आणि मानेची मागची बाजू उघडी असेल तर ते बहुधा कोंबड्याचं काम. जोडी लागताना तो चोचीने तिची मान धरतो, पाठीवर चढतो आणि तोल सांभाळायला पायांनी तुडवत राहतो. त्याच्या नख्यांनी आणि पायामागच्या काट्याने पिसं मोडतात, कधी कातडीही फाटते. शेपटीच्या मुळाशी टक्कल असेल तर टोचणाऱ्या खुराड्यातल्याच दुसऱ्या कोंबड्या. खुडूक बसलेल्या कोंबडीची छाती उघडी दिसली तर काळजी नको. अंड्यांना अंगाची ऊब थेट मिळावी म्हणून तिथली पिसं ती स्वतःच काढते. आणि अंगभर पिसं गळून खालून नवे कोंब फुटत असतील तर ती नेहमीची पीसगळ.

पहिल्या दोन प्रकारांत कापडाची झूल कामाला येते. ब्रिटन-अमेरिकेत परसात कोंबड्या पाळणारे लोक ती सर्रास वापरतात, तयारही मिळते. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतले टर्कीपालक माद्यांच्या पाठीवर जाड किंतानी कापड बांधत, कारण टर्कीचा नर वजनाने फारच भारी असतो.

आता कोंबड्या एकमेकींना का टोचतात, याचं सर्वांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे भांडण. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ शेल्डरुप-एब यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधली मानाची उतरंड मांडली, तेव्हापासून प्रत्येक टोचणी आपण त्याच खात्यात टाकत आलो. पण मानासाठीची टोच डोक्यावर बसते, झटक्यात बसते आणि तिथेच संपते. पिसं उपटणारी कोंबडी शांतपणे, जवळजवळ कामाला लागल्यासारखी दुसरीच्या मागे जाते, पीस ओढते आणि पुष्कळदा खाऊनही टाकते. तिला राग आलेला नसतो.

नेदरलँड्सचे संशोधक हॅरी ब्लोखाउस यांनी १९८०च्या दशकात याचा संबंध जमीन टोचण्याशी जोडला. खाली भुसा-पाचोळा नसला की जमिनीवर पडायची टोच शेजारणीच्या पिसांवर पडते. ही ओढ किती जबर असते ते प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक मॅरियन डॉकिन्स यांच्या निरीक्षणातून कळतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मोकळ्या फिरणाऱ्या रानकोंबड्यांना रोज खाणं मिळत होतं. तरीही पाहणी केलेल्या मिनिटांपैकी सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमीन टोचताना दिसल्या. पोट भरलं म्हणून चोच थांबत नाही.

झुलीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा एक प्रयोग आहे. मॅकॅडी आणि कीलिंग या संशोधकांनी काही कोंबड्यांची पिसं मुद्दाम कापून, विस्कटून ठेवली आणि बाकीच्या काय करतात ते पाहिलं. जोरदार टोचा त्या बिघडलेल्या पिसांकडे वळल्या. म्हणजे एक मोडकं पीस दुसरीला बोलावतं, तिने उपटलं की उघडी जागा तिसरीला दिसते, आणि रक्ताचा ठिपका आला की सगळ्याच धावतात. झूल टोचणारीचा स्वभाव बदलत नाही. ती फक्त ही जागा नजरेआड करते आणि पिसांना वेळ मिळवून देते.

तो वेळ किती लागेल हे पिसं कशी गेली यावर ठरतं. पीस मुळासकट उपटलं गेलं असेल तर त्या खळगीतून नवं पीस लगेच वाढू लागतं आणि काही आठवड्यांत पुरं होतं. पण मधोमध मोडलं असेल तर बुंधा तसाच रुतून राहतो आणि पुढच्या पीसगळीपर्यंत, म्हणजे कधीकधी वर्षभर, नवं येत नाही. कोंबड्याने तुडवलेल्या पाठी महिनोन्‌महिने तशाच दिसतात त्या यामुळे. वाढतं पीस तर फारच नाजूक असतं. निळसर काळं, आगपेटीच्या काडीसारखं आवरणात गुंडाळलेलं, आणि आत जिवंत रक्तवाहिनी. त्यावर टोच बसली की रक्त येतं. झूल खरी राखते ती या कोंबांना.

शिवायला फार कौशल्य लागत नाही. मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत आणि एका पंखाच्या मुळापासून दुसऱ्यापर्यंत, अशी मापं कोंबडीच्या अंगावरच घ्यावीत. मध्यम कोंबडीला साधारण वीतभर लांबीचं कापड पुरतं. पुढे अरुंद, मागे थोडं रुंद आणि गोलसर कापायचं. जुनी जीन उत्तम, कारण नख्या तिच्यातून सहज आरपार जात नाहीत. आतून सुती अस्तर द्यावं, कडा दुमडून पक्क्या शिवाव्यात. लोंबता दोरा एकही ठेवू नये. कोंबडी तो गिळते आणि तो गळ्यातल्या पिशवीत अडकून बसतो. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना इलॅस्टिकची एकेक पट्टी लावून तिचं दुसरं टोक टिचबटणाने बाजूला अडकवायचं. पट्टी पंखाच्या मुळाभोवती, पंखाखालून फिरते. तिच्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे आणि पंख पूर्ण उघडला पाहिजे.

रंग कोंबडीच्या रंगाशी मिळता घ्यावा. लाल तर नकोच, टोचायला आमंत्रण. बाहुलीचा फ्रॉक शिवल्यासारखी लेस, मणी, चकचकीत बटणं लावण्याचा मोह होतो. फोटो छान येतो, पण त्या चकाकीवर पहिली टोच कोंबड्याच मारतात. झूल संध्याकाळी अंधारताना चढवावी. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे धडपड कमी होते. सकाळी ती दोन-चार पावलं मागे चालेल, अंग झटकेल, मग विसरेल.

जखम ओली असताना मात्र झूल घालू नये. त्या कोंबडीला आधी वेगळं ठेवून जखम सुकू द्यावी. दर काही दिवसांनी झूल काढून आत पाहावं, कारण उवा आणि गोचिडीसारख्या बारीक किड्यांना कापडाखालची उबदार जागा आवडते. धुऊन उन्हात वाळवलेली दुसरी झूल हाताशी असली की बरं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिथलं तेल चोचीने घेऊन कोंबडी पिसं साफसूफ करते. तिथवर चोच पोचली पाहिजे. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यातून सोडवून आणलेल्या कोंबड्यांसाठी हौसेने विणलेले लोकरी स्वेटर म्हणूनच मला पटत नाहीत. ते अंगभर आवळतात, पावसात भिजून जड होतात आणि पिसं साफ करू देत नाहीत.

आपल्याकडची अडचण उलटी, ती उन्हाची. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत जीनची दुहेरी झूल नको. एकेरी पातळ सुती कापड, तेही सावली असेल तिथेच. मात्र उघडी कातडी उन्हाने भाजतेही, तेव्हा भर उन्हात चरणाऱ्या टकल्या कोंबडीला पातळ आवरण उपयोगीच पडतं.

टोचणीवर माणसाने याहून चमत्कारिक उपायही केलेत. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीच्या अँड्र्यू जॅक्सन यांनी टोचीपासून डोळे वाचवणाऱ्या, कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. हसू येतं, पण अनेक देशांतल्या मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये रुळलेला चोच कापण्याचा उपाय त्यापेक्षा क्रूर आहे. चोचीच्या टोकात संवेदना असते, आणि कापल्यावरची वेदना दीर्घकाळ टिकू शकते.

झुलीने वेळ मिळाला की खुराड्याकडे वळावं. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवावा. त्याच्या काट्याचं टोक कानशीने बोथट करावं, मुळाशी जाऊ नये, तिथे रक्तवाहिनी असते. जमिनीवर पाचोळा टाकून त्यात मूठभर दाणे विखरावेत आणि लोळायला कोरडी माती-राख ठेवावी. पीस म्हणजे बहुतांश केराटिन नावाचं प्रथिन, आणि त्यासाठी गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. नुसत्या मक्यावर ती पुरत नाहीत. त्यांतलंच एक मेथिओनिन. ते शेंगदाण्याच्या पेंडीतही कमीच, तिळाच्या पेंडीत आणि सुकट-बोंबलाच्या कुटात ते भरपूर. एवढं करूनही शेपटीखालच्या भागावर टोचणी चालू राहिली तर झूल कुचकामी आहे, कारण ती जागा तिने झाकताच येत नाही. तिथे टोचणारी कोंबडी ओळखून तिलाच काही दिवस वेगळ्या खुराड्यात टाकावं लागतं.